तीन बोटं ठेंगणी खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. माझ्यावर आजवर कुणी बसलेलं नाही, आणि कुणी बसायला गेलंच तर सरळ जमिनीवर आपटेल. कारण मी लाकडाची नाही, लोखंडाची नाही, प्लास्टिकचीही नाही. मी कॉम्प्युटरमधली खुर्ची आहे.

तरीही तुम्ही मला पाहिलं असेल. नव्या इमारतींच्या जाहिरातीत एक देखणी बैठकीची खोली असते बघा. खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन आलेलं, टेबलावर काचेच्या वाडग्यात तीन लिंबं, सोफ्यावर नीट घडी घातलेली शाल. ती खोली बहुतेक वेळा अजून बांधलेलीच नसते, आणि तो फोटोही नसतो. कुणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून भिंती उभ्या करतं, फरशी घालतं, पडद्याला चुण्या पाडतं, सूर्य हवा तिथे नेऊन ठेवतं. मग मशीन घरघरत बसतं आणि त्या सगळ्याचं एक चित्र काढतं. त्याला या धंद्यात रेंडर म्हणतात. ते इतकं हुबेहूब असतं की लोक पडद्यावर बोट ठेवून विचारतात, हे कापड कुठल्या दुकानातलं. अशा एखाद्या चित्रात खिडकीशेजारी जुन्या वळणाची, रुंद लाकडी हातांची खुर्ची दिसली, तर ती मी असण्याचा संभव आहे.

मला जिने घडवलं तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. खरं तर तिला आई म्हणायला हवं. पण माझी आई वेगळी आहे. ती ताईच्या घरात खिडकीपाशी उभी असते, तिला चांगले चार पाय आहेत आणि तिच्यावर ताईचे बाबा बसतात.

बाबांनी उभी हयात मुद्रितं तपासण्यात घालवली. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या, हे त्यांचं काम. छापखान्यातून कागदांचे गठ्ठे घरी यायचे आणि बाबा या खुर्चीत बसून ते वाचायचे. डाव्या हातात कागद, उजव्या हातात टोकदार पेन्सिल. काहीतरी खटकतंय पण सापडत नाहीये असं झालं, की ते पेन्सिलीचं टोक खुर्चीच्या उजव्या हातावर टकटक आपटायचे. तिथे बारीक बारीक खळगे पडलेत. डाव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. खाली बशी घेत जा, असं ताईची आई सांगून सांगून दमली. ती गेली, डाग राहिला. आता त्या डागावर दुसरं काही ठेवलेलं बाबांना चालत नाही.

बाबा निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरही ते पेन्सिल घेऊन वाचतात. ताईनं त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही चूक म्हणून खोडलेलं बरोबर निघालं तर काय करता. बाबा म्हणाले, "मग त्याच्याखाली टिंबं द्यायची. छापणाऱ्याला कळतं, हे तसंच राहू द्यायचंय." ती टिंबं लक्षात असू द्या. मला त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंय.

ताई हे काम नव्यानं शिकत होती, तेव्हा तिनं एक खोली रंगवून बाबांना दाखवली. त्यात एक गुळगुळीत, झगझगीत खुर्ची होती. बाबांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाले, छान आहे, दुकानातून आणून ठेवलीय वाटतं, घरातली माणसं यायची आहेत का अजून? ताई फुरंगटली. दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं टेप आणला, बाबांना खुर्चीतून उठवलं आणि माझ्या आईचं इंच इंच माप घेतलं. बाबा मधे उभे राहून कुरकुरत होते, की स्वतःच्या घरात माणसाला बसायला जागा नाही.

असा माझा जन्म झाला. आईची पाठ, आईचे हात, पुढच्या पायांचा तो जरासा बाक, सगळं मला मिळालं. उजव्या हातावरचे खळगे ताईनं एकेक करून पाडले. डाव्या हातावर कपाचा डाग उमटवला. एरवी लेकीच्या तोंडावर पुटकुळी आली तरी घरचे हवालदिल होतात. माझ्या अंगावरचे डाग मात्र जिवापाड मेहनत घेऊन पाडलेले आहेत. बाबांनी मला बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं आणि म्हणाले, हिच्यावर कुणीतरी बसतं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते, आणि नेमकं खोटं.

मी राहते ताईच्या लॅपटॉपमध्ये. झाकण उघडलं की मला खोली दिसते, बोलणं ऐकू येतं. झाकण मिटलं की माझी रात्र. त्यामुळे मी जे सांगतेय ते झाकण उघडं असतानाचं.

ताईला एका मोठ्या ऑफिसात नोकरी लागली. तिथे इमारत बांधायच्या आधीच तिच्यातल्या खोल्यांची चित्रं काढून द्यायचे, म्हणजे बिल्डरला घरं विकता यावीत. तिथल्या साहेबांना सगळे पाठीमागे उजेडराव म्हणायचे, कारण कुठलंही चित्र दाखवलं की ते म्हणायचे, अजून उजेड वाढवा. मी कितीतरी खोल्यांत उभी राहिले. एकाच दिवशी तीन घरांत. आणि माणसांच्या स्वभावाची मला मोठी गंमत वाटायला लागली. चित्रातल्या घरात टीव्ही असतो पण वायर नसते. स्वयंपाकघर असतं पण तेलाची बाटली नसते. दाराशी एकही चप्पल नाही, खुंटीवर एकही टॉवेल नाही, कुणाची गोळी नाही, चष्मा नाही, फोनचा चार्जर नाही. त्या घरात कुणाला कधी सर्दीसुद्धा होत नसावी. आणि जिकडेतिकडे ती तीन लिंबं. एवढ्या लिंबांचं ही मंडळी करतात काय, हे मला अजूनही कळलेलं नाही.

आता तिथली एक रीत सांगते, कारण माझं पुढचं आयुष्य तिच्यामुळे घडलं. खोली लहान असली तर भिंती सरकवता येत नाहीत, नकाशा बिल्डरचा असतो. पण सामान आखडता येतं. पलंग, सोफा, टेबल, सगळं शंभराचं नव्वद करायचं. दार आणि खिडकी तशीच ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, डबल बेड मांडूनही केवढी जागा उरलीय. उजेडराव याला खोली मोकळी करणं म्हणायचे. एकदा अशीच एक खोली मोकळी करताना ताईनं मलाही आखडलं. ती आवृत्ती वेगळ्या नावानं ठेवायची, ती गडबडीत माझ्या जुन्याच नावानं ठेवून दिली. झालं. मोठी मी पुसली गेले आणि उरले ती ही. दिसायला तीच, तोच बाक, तेच डाग. फक्त जमिनीपासून बैठकीपर्यंत तीन बोटं ठेंगणी, आणि रुंदीलाही तितकीच अंग चोरलेली.

मला ते लगेच कळलं. पण कॉम्प्युटरमधल्या खुर्चीला विचारतंय कोण.

पुढे एकदा एक नवराबायको त्याच मोकळ्या केलेल्या खोलीचं चित्र हातात घेऊन ऑफिसात आले. घराचा ताबा मिळाला होता आणि पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडत नव्हतं. उजेडरावांनी त्यांना चहा पाजला, गोड बोलून वाटेला लावलं. ताई समोरच बसली होती. तिला ते फार लागलं. त्या महिन्यातच तिनं नोकरी सोडली आणि घरून स्वतःचं काम सुरू केलं. तिचा नियम एकच. चित्रातली प्रत्येक वस्तू खऱ्या मापाची. पलंग, कपाट, शेगडी, बादली, सगळ्याची मापं तिनं नव्यानं घेतली आणि जुना सगळा साठा पुसून टाकला.

सगळा, मी सोडून. मला ती दर चित्रात उभी करायची, सही केल्यासारखी. माझं माप तिनं पुन्हा घेतलं नाही. घरच्या माणसाचं माप पुन्हा कोण घेतं?

एके दिवशी ताईकडे एक बाई आल्या. शाळेत शिकवायच्या, अंगानं उंच, बोलणं नीटनेटकं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. त्यांच्या सासूबाई एकट्या राहतात, तिसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही. गुडघे गेलेत. मागे जिन्यात पडल्या, शेजाऱ्यांनी उचललं. नवरा आणि त्या दोघेही विनवून दमलेत, आमच्याकडे राहायला या म्हणून. त्या ऐकत नाहीत. येतात, दोन दिवस राहतात, तिसऱ्या दिवशी पर्स घेऊन दाराशी उभ्या. कधी म्हणतात कुंड्यांना पाणी कोण घालणार, कधी म्हणतात शेजारीण एकटी पडेल.

"आम्ही त्यांच्यासाठी एक खोली रिकामी केलीय," सून म्हणाली. "पण ती बघून त्यांना काही वाटत नाही, रिकामीच आहे ना. तुम्ही त्यांची खोली कशी दिसेल ते काढून द्या. बघून तरी त्यांचं मन वळेल. परत जिन्यात पडल्या तर आम्हाला कळायचंही नाही हो."

हे शेवटचं वाक्य बोलताना सुनेचा आवाज बदलला. आपलंच कुणीतरी अंधाऱ्या जिन्यात पडलेलं आहे आणि आपण दूर आहोत, हे तिच्या डोळ्यांसमोर असणार. ताईनं काम लगेच घेतलं.

ताई आधी त्या सासूबाईंकडे, म्हणजे आजींकडे गेली. लॅपटॉप बरोबर होता, त्यामुळे मीही गेले. आजी म्हणजे एवढीशी मूर्ती. स्वतः दार उघडलं, स्वतः चहा केला. त्या एका जुन्या दिवाणावर बसल्या आणि बसता बसता पायानंच एक पत्र्याचा डबा पुढे ओढून त्यावर पाय ठेवले. डब्याचं झाकण मधोमध दबलेलं होतं. ताई तेव्हा खिडक्या बघत होती, तिचं त्या डब्याकडे लक्ष गेलं नाही. माझं गेलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही.

ताईनं विचारलं, तुम्हाला खोलीत काय काय हवंय. आजी म्हणाल्या, "मला काही नको. मी तिकडे पाहुणी म्हणून जाते ते बरंय. पाहुण्याला खोली कशाला?"

तरीही ताईनं खोली मांडली, अगदी जीव ओतून. पूर्वेची खिडकी, कमी उंचीचं कपाट, हात धरायला दांडी, पलंगाशेजारी दिवा. दिव्याला वायर जोडली, दाराशी चप्पल ठेवली, गोळ्यांची डबीसुद्धा ठेवली. लिंबं ठेवली नाहीत. आणि सवयीनं, खिडकीशेजारी मला उभं केलं. ऊन माझ्या डाव्या हातावरच्या डागावर पडेल असं बसवलं. चित्र तयार झालं तेव्हा बाबा बराच वेळ बघत राहिले. एकही चूक काढली नाही. ताईला त्याचीच काळजी वाटली.

चित्र मोठं छापून सून, मुलगा आणि ताई आजींकडे गेले, आणि ताईनं लॅपटॉपही नेऊन उघडून ठेवला. मुलगाही चांगला ताडमाड, दारातून वाकून आत आला. आजींनी चष्मा लावला. पलंगावरून नजर फिरवली, कपाटावरून फिरवली, दिव्याला हं म्हणाल्या. सुनेचा चेहरा उतरत चालला होता. मग आजींचं बोट एका जागी थांबलं. माझ्यावर.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, तशी कुणाची नाही, चित्रातली आहे.

"असं कसं? हिच्यावर बसून कुणीतरी चहा पितं," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे आणि शेजारच्या पलंगाकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या, आणि चित्र खाली ठेवत म्हणाल्या, "ही खुर्ची मिळाली तर बघू."

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायला लागले. इतक्या दिवसांत आजींच्या तोंडून 'नाही' सोडून पहिल्यांदा काही निघालं होतं. मला काय वाटलं ते सांगते. एवढी वर्षं मी शेकडो खोल्यांत उभी होते. लोकांनी माझ्या मागचा पडदा मागितला, माझ्याखालचा गालिचा मागितला. मला मागणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मी त्या बाईला मिळणार नव्हते.

ताईनं घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. अशी खुर्ची आता कुठल्या दुकानात मिळायची? बाबा खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून म्हणाले, ही देऊन टाक त्यांना. ताईनं साफ नकार दिला. त्या दोघांची यावरून जरा वादावादीही झाली. शेवटी बाबांनीच तोड काढली. "अगं, तुझ्याकडे हिचं सगळं माप आहे की. नवीन बनव."

ओळखीचे एक सुतारकाका होते. ताईनं माझ्यावरून आकडे काढले, कागदावर छापले आणि त्यांच्या हातात दिले. मापं छापील असली की सुतारकाका शंका घेत नाहीत. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला. "हे हातावरचे खळगे आणि हा डाग पण करायचा का? नवी खुर्ची मुद्दाम खराब कर, असं मला कुणी कधी सांगितलं नाही."

बाबा बरोबर आले होते, ते म्हणाले, "नको. ते ज्याचं त्यानं करायचं असतं."

आणि एक दिवस ती तयार झाली. सुतारकाकांच्या कारखान्यात, रंध्याच्या सालींच्या ढिगात उभी. लॅपटॉप समोरच्या बाकावर उघडा होता, म्हणून मी तिला पाहिलं. तोच बाक, तीच पाठ, आणि अंगावर एकही डाग नाही. माझ्या मापानं झालेली, म्हणजे माझी लेक. मी तिच्याकडे बघत राहिले. तिची सावली जमिनीवर पडली होती, ती कुणी बसवलेली नव्हती.

बाबा म्हणाले, मुद्रित तपासल्याशिवाय छापायला द्यायचं नाही. म्हणजे आधी ते स्वतः बसून बघणार. ते बसले. अर्धे बसले. दोन्ही हातांच्या मधे ते असे काही घट्ट बसले, की उठायला गेले तर खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. सुतारकाकांनी खुर्चीचे पाय धरले, ताईनं बाबांचे हात धरले आणि त्यांना एकदाचं सोडवलं. बाबा कपडे झटकत म्हणाले, "मी जाड झालोय हे मान्य आहे. पण घरच्या खुर्चीत तर मावतो."

ताईनं टेप लावला. मग लॅपटॉप ओढून माझं माप बघितलं. पुन्हा टेप लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. उजेडराव, मोकळी केलेली खोली, जुन्या नावानं ठेवलेली फाइल, सगळं तिला ओळीनं आठवलं असणार. ती फळ्यांच्या ढिगावर मटकन बसली.

"सगळं खऱ्या मापाचं करते म्हणून लोकांना सांगत फिरले मी," ती म्हणाली. "आणि त्यांनी नेमकं हिच्यावर बोट ठेवलं."

छापलेलं चित्र तिच्या पिशवीत होतं. तिनं ते काढलं आणि लाल पेननं माझ्यावर फुली मारली. मला राग आला नाही. चूक होती, ती मी होते.

सुतारकाका म्हणाले, दुसरी करू, लाकूड आहे, थोडे दिवस लागतील. एवढ्यात फोन वाजला. सुनेचा होता, दबक्या आवाजात. आजी आज आल्यात, मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आलाय. सोफ्यावर बसल्यात, पण पर्स मांडीवरून खाली ठेवत नाहीत. खुर्ची कुठंय म्हणून दोनदा विचारून झालं. नसेल तर संध्याकाळी परत जाते म्हणतात. आणि या वेळी गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत.

बाबा म्हणाले, चल, जे आहे ते घेऊन जाऊ, जे झालं ते तोंडावर सांगू. टेम्पोत माझी लेक मागे, आणि ही दोघं पुढे. तिथपर्यंतचा प्रवास मला दिसला नाही, झाकण मिटलेलं होतं.

झाकण उघडलं ते त्या घराच्या बैठकीच्या खोलीत. उंच माणसांचं घर. उंच सोफा, उंच टेबल, फळ्याही वरच. त्या सोफ्याच्या कडेला आजी बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. आणि त्यांचे पाय अधांतरी होते. शाळेच्या बाकावर पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलीसारखे.

ताईनं काही लपवलं नाही. लॅपटॉपवर मला दाखवलं, आकडे दाखवले, फुली मारलेलं चित्रही पुढे ठेवलं. खुर्ची लहान झालीय, चूक माझी आहे, तुम्हाला नीट मापाची दुसरी करून देते, थोडे दिवस थांबा, असं एका दमात सांगून टाकलं. मुलगा कपाळाला हात लावून उभा होता. सून खिडकीबाहेर बघत होती. थोडे दिवस म्हणजे काय, हे तिला कळत होतं.

आजी म्हणाल्या, "आणलीय ना? बघू तरी."

खुर्ची एव्हाना चित्राप्रमाणे मांडलेल्या त्या नव्या खोलीत, खिडकीशेजारी ठेवली. ताईनं लॅपटॉप पलंगावर ठेवला. आजी सोफ्यावरून घसरतच खाली उतरल्या, सुनेचा हात धरून आल्या आणि माझ्या लेकीवर बसल्या. पाठ टेकली. हात हातांवर आले.

आणि पाय जमिनीवर. दोन्ही पावलं, टाचांसकट, फरशीवर सपाट.

आजींनी पाय जरा पुढे केले, जरा मागे घेतले, परत टेकवले. मग मांडीवरची पर्स उचलून खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवून दिली. माझं लक्ष त्या पर्सकडेच होतं, आणि सुनेचंही.

"चित्रात ही पलंगापेक्षा ठेंगणी दिसत होती," आजी म्हणाल्या. "म्हणून तर मागितली."

मुलगा पुढे झाला. "म्हणजे?"

"अरे, तुमच्या घरी माझे पाय जमिनीला लागत नाहीत," आजी म्हणाल्या. "सोफ्यावर लागत नाहीत, जेवायच्या खुर्चीवर लागत नाहीत, पलंगावर लागत नाहीत. दोन दिवस लटकत बसलं की गुडघे ठणकतात, आणि उठायला कुणाला तरी हाक मारावी लागते. पाहुणी दोन दिवस बसते तशी. कायम कसं बसायचं?"

"आई, मग आधी का नाही सांगितलंस?" मुलगा म्हणाला.

"काय सांगू? तुम्ही एवढ्या हौसेनं मांडलेलं घर मला उंच होतं म्हणून?"

तो एवढा ताडमाड माणूस तिथेच आईच्या पायाशी खाली बसला. सुनेनं डोळे पुसले आणि उगाचच पडदा सारखा केला. मला पत्र्याच्या डब्याचं झाकण आठवलं, मधोमध दबलेलं. एवढ्या वर्षांच्या पावलांनी दबलेलं होतं ते.

ताई हळूच म्हणाली, तरी मी मापाची दुसरी करून देते. तेव्हा बाबांनी तिच्या हातातलं ते फुली मारलेलं चित्र घेतलं. खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्याखाली, एका ओळीत, सावकाश टिंबं दिली. "उभ्या जन्मात चुकीखाली पहिल्यांदा देतोय," ते म्हणाले. "हे तसंच राहू दे."

आजी परत गेल्या नाहीत. कुंड्या गाडीतून आल्या, दिवाण शेजारणीला दिला. नव्या खोलीतल्या पलंगाचे पाय सुतारकाकांनी येऊन कापले. जेवायच्या टेबलाशी मात्र अजून डबा लागतो. सून म्हणते, तो घरात शोभून दिसतो.

आता माझं सांगते. ताईनं त्या दिवशी घरी आल्यावर मला उघडलं, माझ्या मापाच्या आकड्यावर बोट नेलं, मला परत मोठं करायला. मी तयार होते. पण ती थांबली. माझ्या आईचं माप तिनं पुन्हा घेतलं, बाबांना पुन्हा उठवून, आणि एक वेगळी, पूर्ण उंचीची खुर्ची केली. ती आता चित्रांत जाते. माझी बहीण म्हणायची ती. मला ताईनं तसंच ठेवलंय, आणि ते टिंबांचं चित्र समोरच्या भिंतीवर चिकटवलंय. नवीन कुणी काम घेऊन आलं की ती पलंग किती मोठा हवा हे विचारण्याआधी विचारते, घरात सगळ्यात बुटकं कोण आहे? लोक हसतात. मग सांगतात. आणि उत्तर आजी, आत्या, लहान मुलगी असं काही आलं, तर त्या चित्रात मी जाते.

परवा सुनेनं त्या खोलीचा एक फोटो पाठवला. खराखुरा फोटो. ताईनं तो आणि आपलं जुनं चित्र पडद्यावर शेजारी शेजारी लावलं. चित्रातली चप्पल, वायर, डबीसुद्धा नीट जागच्या जागी आहे. फोटोत दाराशी चपला विखुरल्यात, पलंगावर गोळ्यांची पट्टी पडलीय, दिव्याची वायर लोंबतेय, खिडकीत कुंड्यांची दाटी आहे आणि फोटो जरा तिरकाही आलाय. उजेडराव असते तर म्हणाले असते, उजेड कमी आहे.

खिडकीशेजारी माझी लेक आहे. तिच्या उजव्या हातावर, आजी डावखुऱ्या नसाव्यात म्हणून उजव्याच, कपाचा एक गोल डाग पडलाय. ताजा आहे, अजून फिका. ताईनं फोटो मोठा करून तो डाग बघितला. मला वाटलं, आता ती माझ्याही उजव्या हातावर तसाच काढेल, तिला ते सहज जमतं. पण तिनं नाही काढला. तो त्यांचा आहे, एवढंच म्हणाली आणि चहा करायला उठली.

माझ्यावर कुणी बसलेलं नाही आणि बसणारही नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. त्याचं आता मला वाईट वाटत नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. कुठल्याही सुंदर घराचं चित्र बघाल तेव्हा ऊन बघा, पडदे बघा, हवं तर लिंबंही मोजा. पण निर्णय घेण्याआधी तुमच्या घरातल्या सगळ्यात ठेंगण्या माणसाला त्यातल्या खुर्चीवर मनातल्या मनात बसवा, आणि जरा वाकून खाली बघा. पाय टेकलेत का? नसतील टेकले तर ते माणूस तुम्हाला सांगणार नाही. कुंड्यांचं कारण सांगेल.

ताई चहा घेऊन आली. बाबांनी कप उचलला आणि त्याच जुन्या डागावर ठेवला. आता ती काम संपवून झाकण मिटेल. येते मी.